रेलरोडिंग, एजन्सी, इमर्शन: आपल्या टेबलावरचे घासून गुळगुळीत झालेले शब्द कसे निवडून काढायचे

टेबलटॉप रोलप्लेइंग (टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका करत आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळणाऱ्या कुणालाही सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, संपल्यावर विचारा, कसं झालं आज, तर निम्म्या वेळा उत्तर येतं "जरा रेलरोडिंग झालं", नाहीतर "एजन्सी कमी पडली", नाहीतर "भारी इमर्सिव्ह होतं यार". रेलरोडिंग म्हणजे गोष्ट एकाच ठरलेल्या रुळावरून ढकलणं, एजन्सी म्हणजे प्लेयरच्या निवडीला असलेलं वजन, इमर्शन म्हणजे खेळात रंगून जाणं. जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मान डोलावतो, बाकीचेही डोलावतात, सगळ्यांना वाटतं आपल्याला कळलं, आणि पुढच्या सेशनला परत तेच, कारण नेमकं काय बदलायचं हे कुणी बोललेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या छंदातला कुठलाही शब्द वापरा, पण तो वापरल्यावर लगेच टेबलावर घडलेली एक गोष्ट बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. दाखवता आली तर शब्द कामाचा. नाही आली तर तो शब्द तुमच्या वतीने बोलतोय आणि तुम्ही गप्प बसलाय. हे तपासायचं कसं, काय बदलायचं आणि बदलताना ग्रुपमध्ये भांडणं कशी टाळायची, ते खाली पायरी-पायरीने लिहितोय. तुम्ही जीएम असा नाहीतर प्लेयर, दोघांनाही करता येईल असं आहे.

पायरी १: आधी नुसतं ऐका आणि लिहून ठेवा

दोन-तीन सेशन काहीही सुधारायला जाऊ नका. ग्रुपला सांगून टाका की मी आपण वापरतो ते शब्द टिपतोय, चोरून टिपू नका, लोकांना ते आवडत नाही आणि बरोबरच आहे. कागदावर तीन रकाने करा: शब्द कोणता, कोण म्हणालं, आणि म्हणायच्या आधीच्या दोन मिनिटांत टेबलावर काय झालं. पहिले दोन रकाने कुणीही भरेल, सगळं काम तिसऱ्या रकान्याचं आहे. "मेटागेमिंग करू नको" (म्हणजे तुझ्या कॅरेक्टरला, खेळातल्या पात्राला, माहीत नसलेलं वापरू नको) असं जीएम म्हणाला, ठीक आहे, पण त्याआधी काय झालं? प्लेयरने राक्षसाचे हिट पॉइंट (तो किती मार सोसेल तो आकडा) पाठ म्हणून दाखवले, की फक्त "आपण वेगळं व्हायला नको" एवढंच म्हणाला? या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोन्हीला एकच शब्द चिकटवला जातो.

सेशनच्या बाहेरचंही टिपा. ग्रुपचं चॅट, नवीन कॅम्पेनसाठी (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीसाठी) कुणी लिहिलेली चार ओळींची ओळख, खेळून झाल्यावरच्या गप्पा. चॅटमध्ये तर हे शब्द जास्तच येतात, कारण टाइप करायला सोपे पडतात.

पायरी २: ढीग करा

आता यादी समोर ठेवून शब्द वेगवेगळ्या ढिगात टाका. पहिला ढीग हत्यारांचा, म्हणजे हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागायला किती अवघड), इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम), सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायचा रोल), अ‍ॅडव्हांटेज वगैरे. हे शब्द कितीही वेळा वापरले तरी झिजत नाहीत, कारण त्यांचा अर्थ नियमात पक्का बांधलेला असतो. अ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन डी-२०, म्हणजे वीस पैलूंचे फासे, टाका आणि मोठा आकडा घ्या, यावर वाद होऊच शकत नाही, ११ किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते, विषय संपला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलं तेव्हापासून हिट पॉइंट आहेत, आर्नेसनने ते आरमारी लढायांच्या खेळातून उचलले होते, आणि इतक्या वर्षांत तो शब्द कुणाला खुपला नाही.

हत्याराचं काम संपलं की हत्याराचा शब्दही आपोआप जातो. थॅको आठवतोय का? शून्य आर्मर क्लासवाल्याला लागण्यासाठी किती टाकायचे तो आकडा. तेव्हा आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला असायचा आणि मध्ये वजाबाकी करावी लागायची. २००० साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लास उलटा केला, जास्त म्हणजे चांगला, आणि थॅको लागेनासाच झाला. म्हणून या पहिल्या ढिगाला हात लावू नका, फक्त नव्या माणसाला एकदा नीट सांगा.

दुसरा ढीग खेळताना काय वाटलं ते सांगणाऱ्या शब्दांचा: रेलरोडिंग, एजन्सी, इमर्शन, मेटागेमिंग, बॅलन्स. तिसरा माणसांवर मारलेल्या शिक्क्यांचा: मर्डरहोबो, मंचकिन, पॉवर गेमर, रूल्स लॉयर. चौथा रामबाण उपाय म्हणून फेकल्या जाणाऱ्यांचा: रूल ऑफ कूल, येस अँड, फेल फॉरवर्ड, सेशन झिरो. आणि पाचवा गेमवर लावायच्या लेबलांचा: नॅरेटिव्ह, ओएसआर, फिक्शन-फर्स्ट, रूल्स-लाइट. बीबीईजी (मुख्य खलनायक), टीपीके (सगळीच कॅरेक्टर मेली) असले शॉर्टफॉर्म राहिले, त्यांच्याने कुणाचं काही बिघडत नाही, राहू द्या.

पायरी ३: वाटण्याचे शब्द घटनेत बदला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सेशन बिघडतात ती याच ढिगामुळे.

रेलरोडिंग घेऊ. समजा पार्टीला, म्हणजे प्लेयरच्या कॅरेक्टरच्या टोळीला, पूल ओलांडून पलीकडच्या किल्ल्यात शिरायचंय आणि पुलावर पहारेकरी उभा आहे. एकजण लाच देऊ करतो, जीएम म्हणतो हा पहारेकरी इमानदार आहे, घेत नाही. दुसरी म्हणते मी रात्री पुलाच्या खालच्या बाजूने लटकत जाते, जीएम म्हणतो खाली काटेरी तारा आहेत. तिसरा म्हणतो मी सरळ पोहत जातो, जीएम म्हणतो प्रवाह फार जोरात आहे, शक्यच नाही. आणि मग जीएम हळूच सुचवतो की गावातल्या पुजाऱ्याकडे म्हणे परवाना मिळतो. या सगळ्यात एकदाही फासा मागितला गेला नाही.

आता इथे "रेलरोडिंग होतंय" म्हटलं तर शब्द बरोबरच आहे, पण जीएमला तो शिवीसारखा लागतो आणि तो लगेच बचावात जातो. त्याऐवजी असं बोला: "आम्ही तीन वेगळे उपाय काढले, तिन्ही वेळा रोल न मागता नाही आलं, आता मला वाटतंय की तुझ्या मनातलं एकच उत्तर आम्ही शोधत बसलोय." या वाक्यावर जीएमला काहीतरी करता येतं. पोहण्यासाठी रोल मागता येतो, आणि चुकला तर माणूस पलीकडे पोचेल पण सामानाची पिशवी वाहून जाईल असं म्हणता येतं. किंवा तो प्रामाणिकपणे सांगू शकतो की पुजाऱ्याकडच्या भागाची मी तयारी केलीये, प्लीज आज तिकडे चला. हेही चालतं! उघडपणे मागितलं तर बहुतेक ग्रुप आनंदाने जातात, राग येतो तो दार उघडं असल्याचं नाटक केलं की.

तोच पूल, पण एकाने साठ फुटांची दरी उडी मारून पार करायचं ठरवलं, रोल चुकला, पडला, आणि मग रेलरोडिंग म्हणून ओरडला, तर ते रेलरोडिंग नाहीये, तो हरलेला रोल आहे. तसंच कॅम्पेन सुरू करतानाच सगळ्यांनी मान्य केलं की आपण किल्ला जिंकायची गोष्ट खेळणार आहोत, तर गोष्ट सरळ रेषेत जाणं यातही काही गैर नाही. लिनियर आणि रेलरोड यातला फरक ग्रुपला एकदा नीट समजावून सांगा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

एजन्सी हा शब्द रेलरोडिंगचा उलटा म्हणून वापरतात आणि तो तर इतका ताणला गेलाय की "माझ्या मनासारखं झालं नाही" यालाही लोक एजन्सी गेली म्हणतात. तपासायची पद्धत सोपी आहे, तीन प्रश्न विचारा. निवडायला खरंच दोन तरी पर्याय होते का? त्यांच्यात काय फरक आहे याची काही तरी कल्पना होती का? आणि निवडीनंतर काही वेगळं झालं का? तिसऱ्या प्रश्नावर क्वांटम ओगर नावाची जुनी चर्चा आहे, दोन वाटांपैकी कुठलीही घ्या, ओगर (एक राक्षस) तुमच्याच वाटेवर निघतो. त्यावर लोक तावातावाने भांडतात, पण मला विचाराल तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. दोन हुबेहूब सारखी दारं समोर ठेवून "डावं की उजवं" विचारणं म्हणजे नाणं उडवणं झालं, मग मागे दोन वेगळ्या खोल्या कितीही मेहनतीने लिहिलेल्या असोत. डाव्या दारातून धुराचा वास येतोय आणि उजव्याच्या उंबऱ्यावर ओली पावलं उमटलीयेत एवढं सांगितलं की पार्टी पाच मिनिटं गंभीरपणे चर्चा करते. जीएमसाठी यातून काढायचा नियम असा की प्रत्येक फाट्यावर दोन्ही बाजूंना निदान एक-एक खूण ठेवा.

मेटागेमिंगचं तर काय सांगायचं. नेहमीचं उदाहरण ट्रोल या राक्षसाचं: ट्रोलच्या जखमा भरून येतात आणि आग किंवा अ‍ॅसिडने ते थांबतं, हे वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला माहीत असतं, त्याच्या पहिल्या लेव्हलच्या कॅरेक्टरला असेलच असं नाही. मग त्या बिचाऱ्याने काय करायचं, तीन राउंड मुद्दाम तलवार चालवायची आणि मग अचानक मशाल सुचल्यासारखं दाखवायचं? ते खोटं सगळ्यांनाच दिसतं. इथे "मेटागेमिंग नको" ऐवजी एक सरळ प्रश्न वापरायची सवय लावा: "माझ्या कॅरेक्टरला हे माहीत असेल का?" जीएमने हो म्हणावं, नाही म्हणावं, नाहीतर रोल मागावा, दहा सेकंदांत विषय संपतो. आणि जीएमला खरोखर कोडं हवं असेल तर राक्षसच बदलावा, आगीऐवजी मिठाने थांबणारा करावा, प्लेयरच्या डोक्यातली माहिती पुसायच्या भानगडीत पडू नये.

दुसरं असं की चांगल्या प्रकारचं मेटागेमिंग आपण सतत करतो आणि करायलाच हवं. नवीन प्लेयर आलीये, तिचं कॅरेक्टर अंधाऱ्या गल्लीत पहिल्यांदाच भेटतंय, खरं तर कुठलाही शहाणा साहसवीर अशा माणसाला सोबत घेणार नाही, पण आपण घेतो, कारण ती आपल्या टेबलावर बसलीये आणि तिला खेळायचंय. हे कॅरेक्टरच्या बाहेरच्या माहितीवर घेतलेला निर्णयच आहे. म्हणून हा शब्द नुसता आरोप म्हणून वापरणारा ग्रुप दिसला की मला वाईट वाटतं.

इमर्शनवर फार वेळ घालवू नका, फक्त "कशामुळे बाहेर पडलास?" एवढं विचारा. एकाला कॅरेक्टरच्या आवाजात बोलणं म्हणजे इमर्शन, दुसरीला जगाचे नियम मागच्या वेळेसारखेच असणं, तिसऱ्याला लढाई चालू असताना पुस्तक न उघडणं. तिघांनाही "इमर्शन हवं" आहे आणि तिघांना तीन वेगळ्या गोष्टी हव्यात.

बॅलन्सचंही तसंच, फक्त इथे आकडे मदतीला येतात. "ही लढाई बॅलन्स्ड नव्हती" याचे कमीत कमी तीन अर्थ असतात. एक म्हणजे संख्याबळ. चार प्लेयर विरुद्ध एकटा मोठा खलनायक, तीन राउंडची लढाई, म्हणजे तुमच्या बारा चाली आणि त्याच्या तीन. त्याचे हिट पॉइंट कितीही वाढवा, लढाई फक्त लांबते, रंगत नाही, म्हणून तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना दुसऱ्यांच्या टर्ननंतर वापरायला लेजंडरी अ‍ॅक्शन दिल्या. दुसरा अर्थ दमछाकीचा. त्याच आवृत्तीचं जीएमसाठीचं २०१४ चं पुस्तक धरून चालायचं की पार्टी एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढाया झेलू शकते. तुमच्या टेबलावर दिवसाला एकच लढाई होत असेल तर विझर्ड सगळे मोठे मंत्र तिथेच ओतणार आणि फायटर बघत बसणार. मग फायटरवाला म्हणतो क्लास (विझर्ड, फायटर असे कॅरेक्टरचे प्रकार) बॅलन्स्ड नाहीत, पण अडचण क्लासमध्ये कमी आणि दिवसाच्या आखणीत जास्त असते. तिसरा अर्थ निव्वळ "मला काही करायला मिळालं नाही". या तिन्हींवर उपाय वेगवेगळे, पहिल्याला साथीदार राक्षस द्या, दुसऱ्याला विश्रांती (जिच्यानंतर मंत्र परत मिळतात) अवघड करा, तिसऱ्याला त्या प्लेयरच्या कॅरेक्टरला जमेल असं काम त्या खोलीत ठेवा. नुसतं "बॅलन्स कर" म्हटलं तर जीएम बिचारा हिट पॉइंट वाढवून मोकळा होतो.

पायरी ४: माणसांवरचे शिक्के काढून टाका

या ढिगाबद्दल माझं मत कडक आहे, हे शब्द तोंडावर तर नकोच आणि पाठीमागेही नकोत. मर्डरहोबो म्हणजे घरदार नसलेला, दिसेल त्याला मारून लुटणारा कॅरेक्टर, ऐकायला गमतीशीर आहे, पण एकदा प्लेयरवर हा शिक्का बसला की त्याने दुकानदाराशी साधी घासाघीस केली तरी सगळे हसतात आणि तो मग खरंच तसाच खेळायला लागतो.

शिक्का मारण्याआधी बक्षीस कशाला मिळतंय ते बघा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक संचात एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण, ज्याने लेव्हल वाढते) होता आणि एक हिट डाइसचा (म्हणजे दुबळा) साधा राक्षस मारला तर दहा. म्हणजे शंभर नाण्यांची पेटी कुणालाही न जागवता पळवली तर शंभर एक्सपी, आणि पहारेकऱ्याशी लढून जीव धोक्यात घातला तर वर जेमतेम दहा. साहजिकच लोक लपायचे, फसवायचे, वाटाघाटी करायचे. पुढे खजिन्याचे एक्सपी गेले आणि मुख्य कमाई लढाईतून व्हायला लागली तेव्हा लोक लढायला लागले, यात प्लेयरच्या स्वभावाचा काय दोष? तुमच्या टेबलावर कुणी सगळ्यांना मारत सुटलं असेल तर महिनाभर लढाईचे एक्सपी बंद करा आणि ठरवलेली कामगिरी पार पाडली की लेव्हल द्या, आधी नियम बदलून बघा, माणूस नंतर.

मिन-मॅक्सर, पॉवर गेमर, मंचकिन हे तिन्ही शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. कॅरेक्टर ताकदवान बांधणारा माणूस रोलप्ले करू शकत नाही, असा एक समज आहे आणि त्या समजाच्या चुकीला स्टॉर्मविंड फॅलसी असं नावही आहे, पण आता लोक ते नावच एकमेकांच्या तोंडावर फेकतात आणि वाद आहे तिथेच राहतो. खरा प्रश्न बहुतेक वेळा एवढाच असतो की पार्टीत एकाचं कॅरेक्टर दर टर्नला तीस डॅमेज करतंय आणि बाकीच्यांची दहा. मग तेवढंच बोला. आणि एक उपाय जो मला फार आवडतो: ज्याला बांधणी उत्तम जमते त्यालाच बाकीच्यांची कॅरेक्टर सुधारायला बसवा. त्याला आवडीचं काम मिळतं आणि दरी कमी होते.

रूल्स लॉयरचं, म्हणजे सतत नियमांवर बोट ठेवणाऱ्याचं, वेगळं आहे, त्याच्याकडे बऱ्याचदा खरी माहिती असते. त्याचा त्रास माहितीचा नसतो, वेळेचा असतो. नियम ठरवा: कुणाचा जीव जात असेल तरच लढाई थांबवून पुस्तक उघडायचं, नाहीतर जीएमचा निर्णय चालू द्यायचा आणि सेशननंतर बघायचं. याच्या जोडीला येणारा आरएडब्ल्यू, म्हणजे जसं लिहिलंय तसं, हा शब्द मात्र सांभाळून घ्या. पेझंट रेलगनचं उदाहरण प्रसिद्ध आहे, हजारो शेतकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने आपल्या टर्नला भाला पुढच्याला द्यायचा, राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे भाला सहा सेकंदांत मैलोन् मैल जातो आणि शेवटी प्रचंड वेगाने आदळतो. पण नीट बघा, भाला हातोहात जाईपर्यंत लिहिलेला नियम लावला आणि शेवटचं डॅमेज काढताना एकदम भौतिकशास्त्र आणलं. लिहिल्याप्रमाणेच जायचं तर शेवटच्या माणसाने फेकलेल्या भाल्याचं डॅमेज साध्या भाल्याइतकंच. कुणी आरएडब्ल्यू म्हटलं की विचारा, शेवटपर्यंत आरएडब्ल्यू ना?

पायरी ५: रामबाण उपायांची किंमत विचारा

रूल ऑफ कूल म्हणजे भारी वाटलं की नियम सोडा. एखाद्या वेळी सुंदर होतं, पण समजा एकाने झुंबराला लटकून उडी मारली आणि जीएमने फुकट होऊ दिली, आणि शेजारी बसलेलीने तसलीच उड्यांची करामत करता यावी म्हणून आख्खी लेव्हल खर्च केलीये, तर तिला काय वाटेल? "हो, आणि त्याबदल्यात काय जाईल" असं विचारायची सवय लावा. येस अँड ("हो, आणि" म्हणत पुढे जाणं) रंगमंचावरच्या इम्प्रोव्हमधून, म्हणजे आयत्या वेळी रचलेल्या नाटकातून, आलंय, तिथे ते जोडीदाराची कल्पना नाकारू नये म्हणून आहे, जीएमने प्रत्येक मागणी मान्य करावी असा त्याचा अर्थ नाही.

फेल फॉरवर्डवर थोडं जास्त बोलतो. रोल चुकला तरी गोष्ट थांबू नये, एवढीच कल्पना आहे. कुलूप उघडण्याचा रोल चुकला, तर "नाही उघडलं" म्हणून सगळे दाराबाहेर ताटकळण्यापेक्षा कुलूप उघडलं पण खटका इतका जोरात झाला की वरच्या मजल्यावरची पावलं थांबली. अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० च्या गेमपासून निघालेल्या खेळांत हे फाशातच बसवलंय, दोन सहा-पैलू फासे टाका, दहा किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश, सात ते नऊ म्हणजे यश पण काहीतरी मोजावं लागेल, सहा किंवा कमी म्हणजे जीएम काहीतरी वाईट घडवणार. काही बोनस नसेल तर पूर्ण यश जेमतेम १७ टक्के, आणि बाकीचे दोन्ही निकाल साधारण ४२-४२ टक्के. म्हणजे बहुतेक रोलनंतर परिस्थिती बदलतेच. पण डी-२० च्या गेममध्ये प्रत्येक चुकलेल्या रोलला हे लावलं तर जीएम दमतो आणि प्लेयरना अपयशाचं काही वाटेनासं होतं. एकच दार असेल तिथे वापरा. तीन दारं असतील तर एक बंद राहू द्या की, त्याने काही बिघडत नाही.

सेशन झिरो, म्हणजे खेळ सुरू करायच्या आधी सगळं ठरवायची बैठक, हा चांगला रिवाज आहे आणि म्हणूनच त्याचा बळी जातो. कुठलीही तक्रार आली की "हे सेशन झिरोला बोलायला हवं होतं" म्हणून तोंड बंद करायचं, हे मला अजिबात पटत नाही. मुळात त्यात काय बोलायचं ते ठोस ठरवा: किती वेळ खेळायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या कॅरेक्टरचं काय, कॅरेक्टर कायमचा मरू शकतो का, प्लेयरनी एकमेकांवर हल्ला करायचा का, आणि कुठल्या गोष्टी खेळात येणारच नाहीत. शेवटच्यासाठी गेम डिझायनर रॉन एडवर्ड्सची लाइन्स अँड व्हेल्स ही पद्धत आहे, काही गोष्टी अजिबात नाहीत आणि काही पडद्याआड घडतात. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्डही आहे, टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, कुणीही त्याला हात लावला की तो भाग सोडून पुढे जायचं, कारण सांगायची सक्ती नाही. आणि कॅम्पेनच्या मध्यावर एखादी गोष्ट खुपायला लागली तर पुन्हा अर्धा तास बसा. पहिल्या दिवशी कुणाला सगळं सुचत नाही.

पायरी ६: गेमवरची लेबलं उलगडा

इथे झटपट जाऊ, कारण ही लेबलं टेबलावर कमी आणि नवीन प्लेयर शोधताना जास्त लागतात. नॅरेटिव्ह गेम म्हणजे काय? कुणासाठी जीएमने लिहिलेली मोठी गोष्ट, कुणासाठी कमी लढाया, कुणासाठी प्लेयरनाही जगाविषयी ठरवायचा हक्क. गंमत म्हणजे एडवर्ड्सच्याच जीएनएस सिद्धांतात (खेळायच्या हेतूंची तीन गटांत विभागणी) नॅरेटिव्हिझमचा अर्थ असा होता की गोष्टीचा मूळ पेच प्लेयर स्वतः खेळता खेळता सोडवतात, म्हणजे जीएमच्या तयार गोष्टीच्या बरोब्बर उलट. म्हणून "नॅरेटिव्ह" लिहू नका, गोष्ट कोण ठरवणार ते लिहा.

ओएसआरचंही (ओल्ड स्कूल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खेळाकडे परत जाणं) तसंच, त्यातला आर रेनेसान्स की रिव्हायव्हल यावरच एकमत नाही. कुणी जुन्या नियमांशी जुळणारे गेम म्हणतं, २००६ च्या ओएसआरआयसीसारखे, कुणी खेळायची पद्धत म्हणतं, म्हणजे नियम शोधण्यापेक्षा जीएमचा निर्णय आणि कॅरेक्टर शीटवर उत्तर शोधण्यापेक्षा प्लेयरची हुशारी, आणि कुणी नुसती काळी-पांढरी चित्रं बघून म्हणतं. फिक्शन-फर्स्ट म्हणजे आधी कॅरेक्टर काय करतोय ते सांगायचं आणि मग कुठला नियम लागतो ते बघायचं, "मी पर्सुएशन टाकतो" (मन वळवायचा रोल) ऐवजी "मी त्याला त्याच्या मुलीची आठवण करून देतो". हे कुठल्याही गेममध्ये करता येतं. रूल्स-लाइट म्हटलंत तर पानं सांगा, आठ पानांचे नियम की ऐंशी, म्हणजे समोरच्याला कळेल.

पायरी ७: नव्या माणसासमोर

नवीन प्लेयर टेबलावर असताना दुसऱ्या ते पाचव्या ढिगातला शब्द आला की जो बोलला त्यानेच लगेच उदाहरण द्यायचं, असा ग्रुपचा नियम करा. व्याख्या नको, उदाहरण. "मेटागेमिंग म्हणजे, आत्ता बघ, तू दुसऱ्या खोलीत आहेस तरी तुला इथलं ऐकू आलं, ते तुझ्या कॅरेक्टरला आलेलं नाही." एवढं पुरतं. आणि त्याने चुकीचा शब्द वापरला तर टोकू नका, काय झालं ते विचारा, शब्द त्याचा त्याला सापडेल.

जुना माणूस शब्द फेकत असेल तर त्याला दुरुस्त करायच्या भानगडीत चारचौघांत पडू नका, कारण हे शब्द बऱ्याच जणांनी मेहनतीने शिकलेले असतात आणि त्यांना ते प्रिय असतात. फक्त "कुठल्या सीनला?" विचारा. आवाज साधा ठेवा, उलटतपासणी वाटायला नको. थोड्या दिवसांनी तो स्वतःच सीनपासून बोलायला लागतो.

सगळ्यात शेवटी नवीन कॅम्पेनची ओळख लिहायला घ्या, कारण वरची सगळी मेहनत तिथे तपासून बघता येते. आधी कदाचित तुम्ही लिहिलं असतं: "नॅरेटिव्ह-हेवी, इमर्सिव्ह, हाय-एजन्सी सँडबॉक्स, मर्डरहोबो नकोत." आता असं लिहून बघा: "आम्ही पाचजण, दर दुसऱ्या आठवड्याला तीन तास. एक बेट आहे, त्यावर तीन गट भांडतायत, कुणाला मदत करायची की सगळ्यांना फसवून पळायचं हे तुम्ही ठरवायचं, माझ्याकडे शेवट लिहिलेला नाहीये. साधारण प्रत्येक सेशनला एक लढाई, बाकी वेळ बोलणं आणि शोधाशोध. कॅरेक्टर मरू शकतात. दुकानदाराला मारलंत तर गावात परत येता येणार नाही, हे आधीच सांगतोय. आवाज काढून बोलायची सक्ती नाही. नियम येत नसले तरी चालेल, पहिल्या दिवशी अर्धा तास आधी या." यावर कुणी उलट विचारलं की लढाई एकच का, किंवा बेट सोडून जाता येईल का, तर समजायचं की ओळख नीट वाचली गेलीये, आणि त्याला तिथेच उत्तर द्यायचं.